आधी बोलणं, मग लिहिणं, गुण सगळ्यात शेवटी: आठवीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

3 जुलै, गुरुवार

आजपासून नोंदी ठेवतेय. प्रकल्प काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे मधेच भरकटले तर परत वाटेवर येता येईल. आठवीचा वर्ग, 38 मुलं, भाषेचा विषय. प्रश्न असा की वर्गात जी मुलं इतकं छान बोलतात त्यांचं बोलणं वहीत का उतरत नाही? तासाला काही विचारलं की एखादा असं काही बोलून जातो की ते दिवसभर डोक्यात घोळत राहतं, आणि त्याचीच वही उघडली की "आजच्या धावपळीच्या युगात" पासून सुरू झालेली सात वाक्यं, त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नाही, कुठूनतरी पाठ केलेली. गेली कित्येक वर्षं मी त्या सात वाक्यांना वीसपैकी बारा देत आलेय आणि खाली "छान, अजून विस्तार हवा" असा शेरा मारत आलेय. त्या शेऱ्यामुळे एकाही मुलाने विस्तार केल्याचं मला आठवत नाही.

तर ठरलंय ते असं: एक विषय घ्यायचा, त्यावर आधी चर्चा, मग पहिलं लिखाण, मग माझा शेरा पण गुण नाहीत, मग दुसरं लिखाण, आणि गुण सगळ्यात शेवटी एकदाच. चर्चेचंही मूल्यमापन करायचंय, ते कसं करायचं हे अजून ठरलेलं नाही. हातात 11 आठवडे आहेत. मुलांची नावं इथे लिहिणार नाही, वही नंबर लिहीन, तोही हजेरीचा नाही, मीच टाकलेला.

7 जुलै, सोमवार

सुरुवात स्वतःपासून. आजचा तास मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि संध्याकाळी कानात इअरफोन घालून बसले. पहिल्या दहा मिनिटांत मी 27 प्रश्न विचारलेत, बहुतेकांची उत्तरं एका शब्दाची. प्रश्न विचारून झाल्यावर मी किती थांबते ते मोजलं तर सेकंदभर, कधी तेवढंही नाही, लगेच दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेते नाहीतर उत्तर मीच देऊन टाकते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं त्यांनाही दिसलं, आणि तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, नाव न घेता आपणहून बोलणारी मुलं वाढतात, गप्प राहणं कमी होतं. वाचलेलं होतं सगळं. पण स्वतःच्या आवाजात ऐकल्यावर जे वाटतं ते वाचून वाटत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते सहाव्या मिनिटाला. वही 23 ची मुलगी, वर्षभरात चार वेळा बोलली असेल नसेल. रेकॉर्डिंगमधे तिचा आवाज येतो, "पण बाई, जर..." आणि त्याच्यावर माझा आवाज, "हं बरोबर, पुढे बघूया." मी ते तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. त्या "जर" च्या पुढे काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही.

उद्यापासून प्रश्न विचारला की मनात एक दोन तीन म्हणायचं, आणि उत्तर आल्यावर "शाबास" म्हणायचं नाही. शाबास म्हटलं की बाकीच्यांना वाटतं उत्तर मिळालं, विषय संपला.

11 जुलै, शुक्रवार

पहिलं रिंगण. बाकं हलवली, आत 12 खुर्च्या, बाहेर बाकीचे 26. ही कल्पना माझी नाही, 1930 साली एडवर्ड हार्कनेस नावाच्या दात्याने फिलिप्स एक्झीटर अकॅडमी या अमेरिकेतल्या शाळेला देणगी दिली ती अशाच पद्धतीसाठी, एका लंबगोल टेबलाभोवती साधारण बारा मुलं आणि शिक्षक, सगळे एकमेकांसमोर. तिथे वर्गच बाराचा, माझा 38 चा, म्हणून दोन रिंगणं. आतले बोलणार, बाहेरचे ऐकून टिपणार, पुढच्या वेळी अदलाबदल. नियम दोनच, हात वर करायचा नाही आणि बोलताना माझ्याकडे बघायचं नाही. मी बाहेर कोपऱ्यात कागद पेन्सिल घेऊन. कागदावर 12 ठिपके काढलेले, एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलला की त्या दोन ठिपक्यांमधे रेघ.

विषय दिला "मैत्रीचे महत्त्व" आणि तो सपशेल पडला. सगळ्यांना मैत्री महत्त्वाचीच वाटते, मग बोलणार काय? पाच मिनिटांत शांतता, मुलं चोरून माझ्याकडे बघायला लागली. मग जागेवरच प्रश्न बदलला, "मित्राने चूक केली तर ती बाईंना सांगावी का?" आणि वर्ग एकदम जागा झाला. कारण इथे प्रत्येकाने कधी ना कधी सांगितलंय तरी किंवा लपवलंय तरी. एकजण म्हणाला सांगायचं नाही, चुगली असते ती, त्यावर दुसरी म्हणाली मग मार खायला तयार राहा, आणि मग कोणी कोणाचं ऐकेना.

घंटा झाल्यावर कागद बघितला. 12 ठिपक्यांपैकी तिघांमधेच रेघांचं जाळं, चार ठिपके पूर्ण कोरे. वही 7 च्या मुलाकडून निघालेल्या रेघा सगळ्यात जास्त, त्याच्याकडे आलेल्याही. वही 23 कडे एक रेघ.

शिकलेलं एवढंच की प्रश्नात वर्ग दोन बाजूंना वाटला गेला पाहिजे. हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे दोन्ही असतील तरच चर्चा, नाहीतर ती फक्त पाळीपाळीने बोलणं.

16 जुलै, बुधवार

पुन्हा तोच प्रश्न, पण ह्या वेळी बोलण्याआधी चार मिनिटं गप्प बसून लिहायचं, मनात येईल ते, शुद्धलेखन नाही, खोडायचं नाही. मग शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, मग रिंगण. एकदम फरक. हातात कागद असला की जो कधी बोलत नाही तोही निदान वाचून तरी दाखवतो. कोरे ठिपके आज एकच.

रिंगण संपल्यावर लगेच पहिलं लिखाण, 25 मिनिटं. वह्या घरी आणल्यात.

वही 14 इथे जशीच्या तशी उतरवते: "मित्राची चूक सांगू नये. कारण मैत्रीला फार महत्व आहे. जीवनात मैत्रीचे महत्व सर्वांना माहित आहे. म्हणून मैत्रीचे महत्व ओळखून आपण मैत्री जपली पाहिजे." चार वाक्यं आणि चारही एकाच खांबाभोवती फिरतायत. माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला, महत्व ला दुसरा त नाही, तीन ठिकाणी, गोल गोल गोल. मग थांबले. तीन गोल केले तर हा मुलगा घरी जाऊन महत्त्व दहा वेळा लिहील आणि आपल्या लिखाणात मुद्दा पुढे सरकतच नाही हे त्याला कधीच कळणार नाही. गोल केले नाहीत. खाली लिहिलं: "समज मित्राने कॉपी केली आणि समज मित्राने कोणाचे पैसे घेतले. दोन्ही वेळी गप्प बसशील का? का?"

22 जुलै, मंगळवार

वह्या परत दिल्या, शेरे आहेत, गुण नाहीत. वर्गभर एकच आवाज, "बाई, किती मिळाले?" पानं पुढे मागे केली, कव्हर बघितलं, एकाने तर वही उलटी धरून झटकली. गुण नाहीत म्हटल्यावर दोन मिनिटं कुजबुज, आणि मग (हे मी नीट बघितलं) मुलं खरंच वाचायला लागली, कारण वाचण्यासारखं पानावर दुसरं काही नव्हतंच.

ह्या मागे रूथ बटलर या शिक्षण संशोधक बाईंचा 1988 मधे प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. काही मुलांना फक्त शेरे, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. आपल्याला वाटतं दोन्ही दिलं तर दुप्पट फायदा, पण दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्या मुलांसारखीच राहिली. गुण दिसला की शेरा वाचायचं कारणच उरत नाही. हे मी वीस वर्षं डोळ्यासमोर बघत होते, वही मिळाली की आकडा, आकड्यावरून शेजाऱ्याचा आकडा, वही बंद.

संध्याकाळी एका पालकांचा फोन, वही तपासलेली दिसत नाही म्हणून. त्यांची काळजी मला कळते, आकडा हीच त्यांची खिडकी आहे. त्यांना म्हटलं शेरा वाचून त्यावर मुलीशी दहा मिनिटं बोला आणि मग मला सांगा. अजून फोन आलेला नाही.

वेळेचं लिहून ठेवते कारण हे लपवून उपयोग नाही. एका वहीला सहा मिनिटं, 38 वह्या, पावणेचार तासाच्या वर. दर आठवड्याला हे शक्य नाही. म्हणून नियम केलाय, एका वहीवर एकच शेरा, आणि तो प्रश्नच असला पाहिजे ज्याचं उत्तर लिहिल्याशिवाय मुलाला पुढे जाता येणार नाही. "छान", "विस्तार हवा", "मुद्देसूद लिही", "अक्षर सुधार" हे चार शेरे बंद.

29 जुलै, मंगळवार

दुसऱ्या लिखाणाचा दिवस, आणि निम्म्या वर्गाने पहिलंच पान सुंदर अक्षरात परत उतरवून काढलं. समास आखून, शीर्षकाखाली दोन रेघा मारून. मी रागवणार होते पण चूक त्यांची नाही, आम्हीच त्यांना पहिलीपासून कच्चं आणि पक्कं शिकवलंय. कच्चं म्हणजे गिचमिड, पक्कं म्हणजे तेच पण नेटकं. पक्कं करताना विचार बदलायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

मग पद्धत बदलली. वह्या बंद करून दप्तरात. कोऱ्या कागदावर फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर, एक परिच्छेद. तो झाल्यावर वही काढायची आणि बघायचं की ह्या नव्या परिच्छेदानंतर जुन्यातलं काय टिकतं. जे टिकत नाही त्यावर आडवी रेघ. रेघ मारायला मुलं घाबरत होती, वही खराब होते म्हणून. मी फळ्यावर माझाच एक परिच्छेद लिहून त्यातली तीन वाक्यं त्यांच्यासमोर खोडली तेव्हा कुठे हात चालायला लागले.

वही 14 चा नवा परिच्छेद: "पैसे घेतले तर मी सांगेन कारण ज्याचे पैसे गेले तो रडत असेल. कॉपी केली तर नाही सांगणार, नुकसान त्याचंच आहे. पण मग मला आठवलं की त्याने कॉपी केली म्हणून त्याचा नंबर माझ्या पुढे गेला होता तेव्हा मला खूप राग आला होता. म्हणजे नुकसान माझं पण झालं. आता मला नक्की माहित नाही."

त्या "आता मला नक्की माहित नाही" वर मी कितीतरी वेळ बसून होते. आठवीतला मुलगा लिहिता लिहिता स्वतःच्या मताशी भांडलाय. माझ्या जुन्या गुणदानात ह्याला निष्कर्ष नाही म्हणून दोन गुण गेले असते.

5 ऑगस्ट, मंगळवार

शुद्धलेखन. हा प्रश्न येणारच होता, शिक्षक खोलीत एका सरांनी सरळच विचारलं, "मॅडम, मग चुका तशाच सोडणार का?" सोडणार नाहीये, पण जागा बदलतेय. दुसरं लिखाण झाल्यावर, मुद्दा पक्का झाल्यावर, तेव्हा.

लेखन शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांनी 1983 मधे मांडलेली युक्ती वापरली, चूक दाखवायची नाही, ज्या ओळीत चूक आहे तिच्या समोर समासात फक्त एक टिंब. दोन चुका असतील तर दोन टिंबं. शोधायची मुलाने. त्यांच्या विद्यार्थ्यांना निम्म्याहून जास्त चुका स्वतःच सापडल्या होत्या आणि माझ्या वर्गातही साधारण तसंच दिसतंय. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या चुकांवर लाल गोल करत होते त्यातल्या बऱ्याचशा मुलांना दुरुस्त करता येत होत्याच, फक्त ते परत वाचत नव्हते.

ज्या सापडल्या नाहीत त्यांची यादी केली आणि त्यात एक प्रकार सगळ्यात जास्त, शब्दाच्या शेवटचा इकार उकार. मि, तु, पाणि, आणी. मग दहा मिनिटांचा एकच धडा, मराठी शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की दीर्घ, मी, तू, पाणी, आणि ह्याला अपवाद असलेला शब्द आपण दर दोन ओळींनी लिहितो तो म्हणजे खुद्द "आणि". परंतु, तथापि अशी संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्ययंही ऱ्हस्व. लगेच आपापली वही उघडून सगळे शेवटचे इकार तपासा. व्याकरणाचं वेगळं पुस्तक काढलंच नाही. जॉर्ज हिलॉक्स यांनी 1986 मधे लेखन शिकवण्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सुटं व्याकरण शिकवून लिखाण सुधारत नाही हेच निघालं होतं. स्वतःच्या वाक्यातली चूक मात्र लक्षात राहते.

13 ऑगस्ट, बुधवार

चर्चेला गुण द्यायचा प्रयत्न फसला. सोमवारी जाहीर केलं होतं, रिंगणात बोलण्याला दहा गुण. आज काय झालं, मुलं बोलली, सगळी बोलली, आणि कोणीच कोणाचं ऐकलं नाही. "मी तिच्याशी सहमत आहे." "मी पण सहमत आहे." बोलून झालं की चेहऱ्यावर सुटल्याचा भाव, आणि नजर माझ्या कागदावर, टिंब पडलं का बघायला. वही 7 ने तर तिघांना मधेच तोडलं. वही 23 ने एक वाक्य लिहून आणलेलं वाचलं, आवाज थरथरत होता, आणि मग खाली मान घालून बसली ती शेवटपर्यंत. मी त्या मुलीला दहा गुणांसाठी एवढं घाबरवलं ह्याचं फार वाईट वाटलं.

तासाच्या शेवटी वर्गाला सांगितलं की बोलण्याचे गुण रद्द, पद्धत माझी चुकली होती, दुसरी शोधते.

21 ऑगस्ट, गुरुवार

सापडली बहुतेक. आणि सापडली ती वह्यांमधे.

ह्या आठवड्यात रिंगणानंतर लिहिताना एक सूचना जास्त दिली होती, शेवटी दोन तीन ओळी लिहा की आज कोणाच्या कोणत्या बोलण्यामुळे तुमचं मत हललं, किंवा हललं नाही पण विचार करावा लागला. प्रश्न तोच पुढे नेलेला, मित्राची चूक सांगायची तर कशी सांगायची. बोलण्यात नेहमीचे चार पाचजण पुढे होते, माझ्या ठिपक्यांच्या कागदावरही तेच दिसतंय.

वह्या वाचायला बसले आणि तिसऱ्या वहीत एक वाक्य आलं. मग सहाव्या वहीत तेच वाक्य. मग अकराव्या. "चूक सांगणं वेगळं आणि नाव सांगणं वेगळं." एकीने लिहिलंय की ह्या वाक्यामुळे तिला कळलं की बाईंना "वर्गात असं होतंय" एवढंच सांगता येतं, कोणी केलं ते न सांगता. दुसऱ्याने लिहिलंय की हे पटलं नाही, नाव नाही सांगितलं तर सगळ्या वर्गाला शिक्षा होते, आणि मग त्यावर त्याने अर्धं पान वाद घातलाय, त्याचं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं लिखाण. सगळ्या वह्या संपल्या तेव्हा मोजलं, सात वह्यांमधे ते वाक्य होतं. आणि ते वाक्य वही 23 चं. कागदावर तिच्या नावासमोर आजही एकच रेघ आहे.

मी रेघा मोजत होते. किती वेळा बोलला, किती मिनिटं बोलला. ती मुलगी एकदा बोलली आणि सात जणांच्या वहीत जाऊन बसली.

तर आता चर्चेचं मूल्यमापन असं करायचं. प्रत्येक वहीत दोन गोष्टी बघायच्या, दुसऱ्याचं बोलणं नीट उतरवलंय का (म्हणजे त्याने जे म्हटलं तेच, आपल्या सोयीचं नाही) आणि त्याचं पुढे काही केलंय का, मान्य केलं, खोडलं, वळवलं, काहीही. ज्याचं वाक्य इतरांच्या वह्यांमधे गेलंय त्याचीही नोंद ठेवायची. शांत मुलाला ओरडायला लावायचं नाही, आणि बोलक्या मुलाला ऐकल्याशिवाय गुण नाहीत. अडचण आहे, मैत्रिणी ठरवून एकमेकींची नावं लिहू शकतात, पण नुसतं नाव पुरत नाही, वाक्य आणि त्याचं पुढे काय केलं ते लिहावं लागतं, आणि खोटं लिहिलं की ते लगेच पोकळ दिसतं.

दुपारच्या तासाला तिला वह्या दाखवल्या, नावं झाकून. काही बोलली नाही. वाचत राहिली.

25 ऑगस्ट, सोमवार

वही 7. बोलायला तीन मिनिटं न थांबता, लिहायला चार ओळी. आज त्याला वर्गाबाहेर पाच मिनिटं बोलायला लावलं आणि रेकॉर्ड केलं, मग मोबाइल आणि इअरफोन त्याच्याच हातात. थांबव, लिही, परत ऐक, लिही. दीड पान झालं. वाक्यं तुटकी आहेत, "म्हणजे कसंय ना" पाच वेळा आलंय, पण ते दीड पान त्याचं आहे. म्हणाला, "बाई, लिहायला लागलो की मी काय बोलणार होतो तेच विसरतो." विचार पळतो आणि हात मागे राहतो, त्यात अक्षर आणि शुद्धलेखनाची भीती. आठवीपर्यंत ह्याला आळशी म्हटलं गेलंय.

2 सप्टेंबर, मंगळवार

गुणांचा दिवस जवळ येतोय म्हणून आधी आम्हा तपासणाऱ्यांचीच परीक्षा. आठ वह्यांच्या झेरॉक्स, नावं झाकलेली, पाच शिक्षक, वीसपैकी गुण, एकमेकांशी न बोलता. एकाच वहीला सगळ्यात कमी 9 आणि सगळ्यात जास्त 17. दोघांनाही विचारलं तर दोघांकडेही कारण होतं आणि दोन्ही कारणं खरी होती. एका सरांनी पाल्हाळ आणि खाडाखोड बघितली, एका मॅडमनी त्यातला विचार.

कोणाचाच दोष नाही, हे जुनं दुखणं आहे. 1961 मधे पॉल डीडरिच आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 जणांकडून तपासून घेतले होते, नऊ पायऱ्यांवर, आणि 94 टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या पायऱ्या मिळाल्या. तपासणारे वेगवेगळ्या क्षेत्रातले जाणकार लोक होते, पण कोणी कल्पना बघत होतं, कोणी व्याकरण, कोणी मांडणी, कोणी शब्द.

मग आम्ही ती 9 आणि 17 वाली वही मधे ठेवून तासभर बोललो. वाद चांगलाच झाला. तासाभराने 13 ते 15 च्या मधे आलो, आणि ते कोणी कोणाला दबवून नाही, आपण नक्की कशाला गुण देतोय ते मोठ्याने बोलावं लागलं म्हणून. हे दर परीक्षेआधी व्हायला पाहिजे. शिक्षकांनाही रिंगण लागतं.

10 सप्टेंबर, बुधवार

आज दुसरी पद्धत करून बघितली. गुण नाहीतच, दोन वह्या शेजारी शेजारी, ह्यातली सरस कुठली, बस. लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञांनी 1927 मधे मांडलेल्या तुलनेच्या नियमावर ही पद्धत उभी आहे, माणसाला सुटा आकडा देणं जमत नाही पण दोनांत डावं उजवं सहज ठरवता येतं. 20 वह्या, प्रत्येक वहीच्या 10 तुलना, म्हणजे 100 जोड्या, आम्ही तिघांनी वाटून घेतल्या. जिंकली की पाठीमागे पेन्सिलने एक रेघ. जोडीला मिनिटभर, पाऊण तासात काम झालं आणि रेघा मोजून क्रम लागला.

क्रम बऱ्यापैकी सगळ्यांना पटला. वही 14 वर आली, "नक्की माहित नाही" सकट. पण एक उणीव स्पष्ट दिसते, पाठीवरच्या रेघांनी मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. क्रम लावायला ही पद्धत, शिकवायला शेराच.

15 सप्टेंबर, सोमवार

तीन वह्यांमधे घरी पूर्ण केलेला भाग एकदम गुळगुळीत, "बहुआयामी", "समतोल साधणे आवश्यक आहे", सगळे परिच्छेद सारख्या लांबीचे. चॅटबॉटकडून घेतलाय असं वाटतंय. ओळखणारी सॉफ्टवेअर वापरणार नाही, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच ओळखणारं साधन जुलै 2023 मधे अचूकता कमी म्हणून बंद केलं, मग मी एका मुलावर आरोप कशाच्या जोरावर ठेवू? त्याऐवजी तिघांशी तीन तीन मिनिटं एकेकट्याने बोलले, तुझा हा परिच्छेद मला समजावून सांग. दोघांनी दुसऱ्याच वाक्याला सांगून टाकलं. तिसरीने मात्र शब्दन् शब्द समजावला, ते तिचंच होतं, ती खूप वाचते. बरं झालं आधी काही बोलले नाही. त्या दोघांना शिक्षा नाही, तोच परिच्छेद वर्गात बसून लिहायचा. पुढच्या वेळी पहिलं लिखाण वर्गातच, कारण आधीची चर्चा, चार मिनिटांचा कागद, दोन्ही लिखाणं असं सगळं समोर असलं की उसनं पान वेगळं पडतंच.

19 सप्टेंबर, शुक्रवार

गुण दिले. वीसपैकी 12 दुसऱ्या लिखाणाला, 4 पहिल्या आणि दुसऱ्या लिखाणात विचार किती हलला त्याला, 4 चर्चेतलं दुसऱ्याचं बोलणं वहीत कसं आलंय त्याला. ह्या गुणांमागचे निकष मुलांना तीन आठवडे आधीच दिले होते, त्यांच्याच वह्यांतल्या परिच्छेदांची उदाहरणं चिकटवून, परवानगी घेऊन.

सहा मुलांच्या दोन्ही लिखाणात काहीच फरक नाही. त्यांच्यापर्यंत मी पोचले नाही. त्यातल्या चौघांची चार मिनिटांची कागदंही जवळपास कोरी आहेत, म्हणजे अडकायला आधीच कुठेतरी सुरुवात होतेय, ते लिहिण्याच्या वेगात आहे की वाचण्यात हे त्यांच्याबरोबर एकेक करून बसून बघावं लागेल. वही 7 वाली रेकॉर्डिंगची पद्धत आधी ह्या सहा जणांवर.

वही 14 ने विचारलं, "बाई, शेवट नाहीये तरी पंधरा कसे?" त्याला म्हटलं तू कुठे अडलास ते तुला माहितीय, तेच लिहिलंस. तो म्हणाला मग अजून एकदा लिहू का, आता मला थोडं माहीत झालंय. गुण बदलणार नाहीत असं सांगितलं, तरी वही घेऊन गेला.

पुढच्या सत्राचा पहिला प्रश्न ठरलाय, "माफी मागितली की झालं का?" रिंगणाच्या खुर्च्या 12 च्या 10 करायच्या, म्हणजे चार फेऱ्यांत सगळे आत येतात. आणि वही 23 ला विचारायचंय की पहिल्या फेरीत ठिपक्यांचा कागद तिने सांभाळावा का, तिला हवं असेल तरच.